जुनं घर दुरुस्त करून निवास-न्याहारी सुरू करायचीय? कोल्हापुरातनं नेहमी येणारे प्रश्न

पेठांतली जुनी घरं एकेक करून पडायला लागल्यात आणि तिथं खाली पार्किंग वर चार मजले असं उभं राहतंय. ज्यांना घर पाडायचं नाही पण नुसतं राखायलाही परवडत नाही, त्यांना दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणं हा खरोखरचा मार्ग आहे. शिवाजी पेठेत आमच्या घरात आम्ही हेच करतोय, त्यामुळं ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे सगळे फोन करून हेच विचारत असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते.

आमचं घर काय मोठा वाडा नाही, दोन सोप्याचं कौलारू आहे. चालेल का?

चालेल की. दिंडी दरवाजा आणि चौकच पाहिजे असं काही नाही. मी कुठलंही घर बघायला गेले की तीन गोष्टी बघते. भिंती आणि छप्पर उभं राहण्यासारखं आहे का, परड्याच्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेच्या, बाजूला बाथरूमसाठी जागा निघते का, आणि घरातलं माणूस तिथंच राहणार आहे का. ह्या तिन्ही गोष्टी असल्या की बाकीचं सगळं जमवता येतं. परडंच नसेल, म्हणजे तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असतील, तर मात्र काम अवघड आहे, कारण सांडपाणी काढायचं कुठनं हाच प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. अशा घरात एकच खोली द्या, पण नीट द्या.

आधी कुणाला बोलवायचं? आर्किटेक्ट, काँट्रॅक्टर की गवंडी?

आधी जुन्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याच्या सोबत त्याच दिवशी एखादा जुना सुतार. दोघं एकत्र आले पाहिजेत कारण इंजिनिअर भिंत बघतो आणि सुतार लाकूड, आणि जुन्या घरात ह्या दोन्ही गोष्टी एकमेकांच्या आधारानं उभ्या असतात.

लाकडाची तपासणी तुम्ही स्वतःपण करू शकता. तुळईचा, म्हणजे वजन घेणाऱ्या आडव्या लाकडाचा, मधला भाग बघून काही कळत नाही, तो शंभर वर्षं झाली तरी ठणठणीत दिसतो. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं बघायचं. तिथली माती हातानं जरा मोकळी करायची आणि जाडसर स्क्रू ड्रायव्हर लाकडात दाबायचा. सागवान चांगलं असेल तर टोक नुसतं खरवडतं, आत जात नाही, आणि वरनं ठोकलं की खणखणीत आवाज येतो. सडलेलं असेल तर ड्रायव्हर बोटभर आत जातो आणि बाहेर काढला की त्याच्या टोकाला तपकिरी भुसा चिकटून येतो. पावसाचं पाणी भिंतीत मुरतं ते पहिल्यांदा ह्या टोकाला लागतं, वाळवी पण इथनंच चढते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या झाडून टाकू नका, सुताराला दाखवा, त्यावरनंच त्याला कळतं ती कुठनं आली आणि कुठवर गेलीय.

टोक सडलं म्हणून आख्खी तुळई काढायची गरज नसते. सडका भाग कापून नवीन सागवान जोडता येतं, किंवा खाली दगडी टेकू नाहीतर लोखंडी ब्रॅकेट देता येतो. "सगळं लाकूड गेलंय, स्लॅब टाकूया" असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्या काँट्रॅक्टरला चहा पाजून परत पाठवा.

भिंतीला पोट आलं असेल म्हणजे मध्येच फुगली असेल तर ते गंभीर आहे. दगडाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन फळ्या असतात आणि मध्ये भर असते, पाणी मुरून भर खाली बसली की फळ्या सुटतात. तिथं इंजिनिअर सांगेल तसंच करा.

कागदपत्रांचं काय? घर आजोबांच्या नावावर आहे.

बहुतेक सगळी घरं इथंच अडकतात, दुरुस्तीत नाही. सिटी सर्व्हेतनं मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं लागल्यात ते बघा. मयतांची नावं कमी करून वारसांची लावून घ्या, मग सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. मुंबईतल्या काकांना आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांना पण विचारायचं, त्यांचा हक्क आहे. पैसे घालून घर उभं केल्यावर वाद निघाला तर घर पण जातं आणि नाती पण. घरात जुना भाडेकरू असेल तर त्याचा प्रश्न आधी मिटवा, त्याच्या डोक्यावर काम सुरू करू नका.

परवानग्या कुठल्या कुठल्या लागतात?

दुरुस्तीसाठी महापालिका. नुसती कौलं परतायची, गिलावा, रंग असं असेल तर गोष्ट सोपी, पण भिंत हलवणार, नवीन बाथरूमचा ब्लॉक बांधणार, जिना बदलणार तर नगररचना विभागाची परवानगी लागते आणि ती २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं मिळते. अंबाबाई मंदिराच्या आसपास घर असेल तर हेरिटेजच्या अटी लागतात का ते काम सुरू करायच्या आधी लेखी विचारून घ्या. तोंडी "करा हो काय होत नाही" ह्याच्यावर जाऊ नका.

निवास-न्याहारी म्हणून नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडं होते. केंद्र सरकारची पण योजना आहे, तिच्यात एका घरात जास्तीत जास्त ६ खोल्या म्हणजे १२ बेड देता येतात, मालकानं त्याच घरात राहिलं पाहिजे अशी अट आहे, आणि सिल्व्हर दर्जाला बाथरूम सोडून खोली किमान १२० चौरस फूट, गोल्डला २०० चौरस फूट लागते. पेठेतल्या घरांत २०० ची खोली सहसा निघत नाही, सिल्व्हरमध्ये काही कमीपणा नाही.

नाश्ता देणार म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी. छोट्या घरगुती व्यवसायाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे, ऑनलाइन होते, कंटाळा करू नका. पोलीस स्टेशनला माहिती देऊन ठेवायची, आणि पाहुण्यांच्या नोंदीचं रजिस्टर घरात कायम पाहिजे.

घरातल्या बाईच्या नावावर व्यवसाय करणार असाल तर पर्यटन संचालनालयाचं 'आई' धोरण बघा, २०२३ पासूनचं आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत सरकार परत देतं. सून किंवा सासूबाई सगळं काम करतात आणि कागदावर नाव दुसऱ्याचंच, असं आपल्याकडं लई चालतं, इथं तरी तिचं नाव लावा.

गिलावा सिमेंटचा करायचा की चुन्याचा? गवंडी म्हणतो चुना कोण करतंय आता.

चुन्याचाच करा. ह्यावर मी कुणाचंच ऐकत नाही.

आपल्या जुन्या घरांच्या भिंती जोत्यापर्यंत काळ्या दगडाच्या आणि वर वीट नाहीतर पांढऱ्या मातीच्या असतात, दोन दोन फूट जाड, आणि त्यांना खालनं ओल येणार हे बांधणाऱ्यानं धरलेलंच असतं. जमिनीतली ओल भिंतीत चढते, आणि मातीतनं चुन्यातनं हळूहळू वाफ होऊन बाहेर जाते. म्हणून शंभर पावसाळे काढून पण ती भिंत उभी राहते. तुम्ही वरनं सिमेंटचा गिलावा मारला की ओल बाहेर यायची वाट बंद, मग ती आणखी वर चढते, मातीच्या विटा आतनं मऊ पडतात, तुळईच्या टोकापर्यंत ओल जाते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटच्या मागं पोकळ आवाज यायला लागतो, पांढरं खारं पीठ फुटतं आणि पोपडे पडतात. मग गवंडी म्हणतो वॉटरप्रूफिंग मारूया, आणि ते मारलं की आतली ओल आणखीनच कोंडते.

चुना करायचा म्हणजे कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा आणि काही आठवडे तसाच पाण्याखाली ठेवायचा, जितका जास्त मुरेल तितका चांगला. मग साधारण एक भाग चुना, एक भाग सुर्खी म्हणजे भाजक्या विटेची भुकटी, आणि एक ते दोन भाग धुतलेली वाळू. भिंतीप्रमाणं हे थोडं इकडंतिकडं होतं. मळताना गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालतात, आणि गुळाची कमी आपल्याकडं कधी पडायची नाही. जुना गवंडी मिश्रण थापीवर घेतो, थापी उभी धरतो आणि बघतो. घरंगळून पडलं तर पाणी जास्त, चिकटून राहिलं आणि कडेनं भेगाळलं तर कमी, आणि सगळं एकजीव होऊन हळूच सरकलं की म्हणतो "आता लावा". गिलावा लावला की तो ओला ठेवायचा, उन्हाच्या बाजूला गोणपाट टांगून त्यावर पाणी मारत राहायचं. सिमेंटसारखं दोन दिवसांत कडक होत नाही, आठवडे लागतात. घाई असेल त्यानं ह्या कामात पडू नये.

वरनं प्लास्टिक पेंट मारू नका, तो पण भिंतीचं तोंड बंद करतो. डिंक घालून चुन्याची सफेदी करा. पाहुणे भिंतीला टेकले की कपड्याला पांढरं लागतं अशी तक्रार येते, त्यासाठी डिंकाचं प्रमाण नीट ठेवा आणि पलंगाच्या डोक्याशी लाकडी फळी लावा.

कौलं काढून पत्रा टाकला तर?

पावसाचा आवाज ऐकलाय का पत्र्यावरचा? जुलैत पाहुणे रात्रभर जागे राहतील, आणि एप्रिलमध्ये माडीवर बसवणार नाही. कौलंच ठेवा. मंगलोरी कौलं जुन्या मोडलेल्या घरांची मिळतात, त्यांतली चांगली निवडून घ्या, बोटानं वाजवून, फुटकं कौल बदबद वाजतं. रिपा नवीन घालाव्या लागतील, वासे बहुतेक वापरता येतात. कौलाखाली फळ्यांची तक्तपोशी केली तर धूळ, पाली, मांजर सगळंच थांबतं आणि खोली पण चांगली दिसते. वळचणीला पन्हळ लावून पाणी भिंतीपासून लांब सोडा. मी सांगते, पन्हळीवर घातलेला पैसा घरातल्या कुठल्याही फर्निचरपेक्षा जास्त कामाचा आहे. दर वर्षी वळवाच्या आधी कौलं परतून घ्यायचीच, त्यात सुटका नाही.

सगळ्यात अवघड काम कुठलं?

बाथरूम. आपल्या जुन्या घरांत न्हाणी परड्यात, संडास त्याच्याही पलीकडं. आता प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम नसेल तर पाहुणा बुकिंगच करत नाही, आणि बरोबर आहे त्याचं.

माडीवर कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या जमिनीवर, बाथरूम काढायचा मोह होतो, कारण खोली तिथंच आहे. करू नका. चार इंच काँक्रीटचा एक चौरस मीटर जवळजवळ अडीचशे किलो भरतो, त्यावर फरशी, भिंती, माणूस, पाणी. कडीपाट हे वजन घेण्यासाठी केलेलाच नाही. आणि वजनापेक्षा पाणी वाईट. वॉटरप्रूफिंगला पाच-सात वर्षांनी कुठंतरी बारीक भेग जाते, पाणी थेंबथेंब लाकडात जातं आणि वरनं टाइल्स असल्यामुळं तुम्हाला काहीच दिसत नाही, दिसतं तेव्हा तुळई गेलेली असते.

आम्ही केलं ते असं. परड्याच्या बाजूला घराला लागून, पण घरापासून वेगळा, स्वतःच्या पायावर उभा असा एक उभा ब्लॉक बांधला. खाली एक बाथरूम, त्याच्या डोक्यावर माडीचं. माडीवरच्या खोलीच्या खिडकीचं दार केलं आणि तिथनं आत जायचं. जुन्या भिंतीत आणि नव्या ब्लॉकमध्ये बोटभर फट मुद्दाम सोडलीय आणि तिच्यावर वरनं पत्र्याची पट्टी, कारण नवीन बांधकाम पहिली काही वर्षं खाली बसतं आणि जुनं कधीच बसून गेलेलं असतं, दोन्ही घट्ट जोडली की नवीन बसताना जुन्याला ओढतं आणि भिंतीला तडा जातो. पाण्याची टाकी पण ह्या ब्लॉकवरच. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, ते जुन्या भिंतीवर अजिबात ठेवायचं नाही.

पाईप भिंतीत गाडू नका, बाहेरनं उघडे न्या. दिसायला बरे नाहीत म्हणून लोक गाडतात, मग गळती झाली की आख्खी भिंत फोडायची. चार इंची पाईपला मीटरमागं दीड-दोन सेंटिमीटर उतार पाहिजे, कोपऱ्याकोपऱ्याला चेंबर. रस्त्यावरची ड्रेनेज लाइन तुमच्या परड्यापेक्षा वर आहे का खाली हे सगळ्यात आधी मोजून घ्या, पेठांत रस्ते वर्षानुवर्षं डांबर टाकून उंच झाल्यात आणि कितीतरी घरं खड्ड्यात गेल्यात.

वायरिंग?

सगळं नवीन. जुनी कापडी नाहीतर लाकडी पट्टीवरची वायर एकही ठेवायची नाही, लाकडी घर आहे. नीट अर्थिंग, जास्त लोड आला की पडणारं एमसीबी, आणि शॉक लागला तर लाइन तोडणारं आरसीसीबी. गिझरला वेगळी लाइन. भिंत खोदायची नाही, वरनं पितळी नाहीतर काळ्या पाईपमधनं वायर न्यायची, मातीच्या घराला ती शोभते पण. खोलीत आग विझवायचं सिलिंडर आणि धूर ओळखणारा अलार्म, ह्यावर काटकसर नको.

एसी? जाड भिंतीच्या खालच्या खोलीत गरज नाही. माडीवर मार्च ते मे पाहुणा मागतोच, तिथं एक बसवा.

पूर आला तर?

हे कोल्हापुरात विचारलंच पाहिजे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, ह्या बाजूला घर असेल तर २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, बऱ्याच घरांत अजून भिंतीवर खूण दिसते. त्या खुणेच्या वर इलेक्ट्रिकचं बोर्ड, त्या खुणेच्या वर इन्व्हर्टर. खाली पाहुण्यांची खोली करायचीच असेल तर पलंग लोखंडी नाहीतर भरीव सागवानी, प्लायवूडचं कपाट नको. मातीची भिंत पुरात भिजली तर तिला सावकाश वाळू द्यायची, हीटर लावून घाई केली की तडकते. पूररेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगीचाच प्रश्न येतो, त्यामुळं बाथरूमचा ब्लॉक काढायच्या आधी नगररचनामध्ये पुराची निळी आणि लाल रेषा बघून या.

आमच्यासारखं घर उंचावर असलं तरी पुराचा त्रास होतोच. २०१९ ला शिरोलीपाशी हायवे बंद, उपसा केंद्रं पाण्यात, नळाला पाणी नाही. म्हणून पावसाळ्यात टाक्या कायम भरलेल्या ठेवायच्या, आणि ऑगस्टचं बुकिंग घेताना पाहुण्याला सांगायचं की पूर आला तर पैसे परत देऊ. लोकांना हे आवडतं, आणि आपलं मन पण साफ राहतं.

सुरुवातीला किती पैसे लागतील?

आकडा घरावर आहे, पण क्रम सांगते. आधी छप्पर, मग पाणी जिरणं-निघणं, मग लाकूड, मग भिंती, मग वायरिंग आणि बाथरूम, आणि शेवटी रंग-पडदे-पलंग. बहुतेक लोक शेवटच्यापासनं सुरू करतात कारण फोटोत तेच दिसतं. ठरवलेल्या बजेटच्या पाव हिस्सा वेगळा ठेवा, जुन्या घरात फरशी उचलली की खालनं काहीतरी निघतंच. सगळं एकदम करायला पैसे नसतील तर एक खोली आणि एक बाथरूम पूर्ण करा, सुरू करा, तिच्या कमाईतनं दुसरी. कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन सहा खोल्या उघडण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

जुनं सामान काय करायचं?

ठेवा, पण वापरातलं. फडताळ पुस्तकांना, देवळी दिव्याला, बळदाची म्हणजे धान्य साठवायची जागा सामान ठेवायला. तांब्याचा बंब चालू असेल तर चालवा, पाहुण्यांची पोरं त्याच्याभोवतीनं हलत नाहीत. विकत आणून मांडलेल्या जुन्या वस्तूंनी घर दुकानासारखं दिसतं. दारं बुटकी आहेत, उंबरे उंच आहेत, त्यावर पिवळा दिवा लावा आणि पाहुणा आला की स्वतः सांगा, "डोकं सांभाळा". जिना उभा असेल तर दोन्ही बाजूंनी धरायला दोर नाहीतर कठडा पाहिजेच. देवदर्शनाला येणाऱ्यांत वयस्कर लोक जास्त असतात, त्यांना खालचीच खोली द्या.

नाश्त्याला काय द्यायचं? मिसळ पाहिजेच का?

रोज घरी मिसळ करत बसू नका. पाहुण्याला मिसळ बाहेर खायचीच असते, चार नावं त्यानं आधीच मोबाईलमध्ये शोधलेली असतात. घरी त्याला असं द्या जे हॉटेलात मिळत नाही. आमच्याकडं सासूबाईंच्या हातचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, कधी उप्पीट, कधी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, कधी शिळ्या भाकरीचा कुस्करा सुद्धा, आणि ताटाच्या कडेला कांदा-लसूण चटणी थोडीशीच, तेल घालून. मुंबईकर ती चटणी बाटलीत भरून मागतात. तिखट किती चालेल हे रात्रीच विचारून ठेवायचं. बाहेरच्यांना वाटतं कोल्हापुरात सगळंच जाळ, तसं नाही हे त्यांना आपल्या घरात कळतं.

गंगावेशीतला दूध कट्टा आवर्जून सांगा. डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात, शहरातल्या माणसानं हे कधी बघितलेलं नसतं.

तांबडा-पांढरा घरी द्यायचा का, असं विचारतात. निवास-न्याहारीत जेवण द्यायलाच पाहिजे असं नाही. आधी सांगितलं आणि घरात जमत असलं तर द्या, नाहीतर चांगली खानावळ सांगा.

पहाटे देवळात जाणाऱ्यांचं काय करायचं?

अंबाबाईच्या काकड आरतीला लोक पहाटे चारला उठून निघतात, शुक्रवारी आणि नवरात्रात तर घरात कुणी झोपतच नाही. पाहुण्याला बाहेरच्या दाराची स्वतःची किल्ली द्या, दाराला वंगण घाला, आणि रात्रीच थर्मासमध्ये चहा ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारे सकाळी सात-साडेसातला दारात असतात आणि खोली बाराला रिकामी होणार असते, त्यांना सोप्यात बसायला जागा, तोंड धुवायला बाथरूम आणि चहा एवढं तरी पाहिजेच.

गाडी कुठं लावायची?

पेठेत हा रोजचा प्रश्न. बुकिंगच्या वेळीच सांगून टाका की गल्लीत मोठी गाडी येत नाही, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि रिक्षानं या. गल्लीत शेजाऱ्याच्या दारात गाडी लावू दिली की महिनाभरात तुमचं त्यांच्याशी भांडण होणार. शेजारी नाराज झाले तर हा व्यवसाय चालत नाही. काम सुरू करायच्या आधीच त्यांना घरी बोलवून सगळं सांगा.

तालीम किंवा मंडळ जवळ असेल तर गणपतीतले दिवस पाहुण्याला स्पष्ट सांगा, रात्री आवाज असतो. ज्याला ते बघायचंय तो मुद्दाम येतो, ज्याला झोप पाहिजे तो दुसरी तारीख घेतो. फुटबॉलच्या सीझनला पण तेच.

सीझन कधी असतो, दर किती लावायचा?

नवरात्र, दिवाळीची सुट्टी, मे महिना, चैत्रातली जोतिबाची यात्रा, आणि नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीला किरणोत्सवाचे दिवस, मावळतीचे किरण देवीपर्यंत येतात ते बघायला लांबनं लोक येतात. शनिवार-रविवार वर्षभर. दर ठरवताना आसपासच्या साध्या लॉजपेक्षा वर आणि हॉटेलपेक्षा थोडा खाली धरा, आणि नवरात्रात तिप्पट करू नका. देवीला आलेला माणूस वर्षानुवर्षं परत येतो, त्याला लुबाडला की तो गेला.

जीएसटीचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. बुकिंग ॲपवरनं आलं तर नोंदणी नसलेल्या मालकाच्या खोलीवरचा जीएसटी ॲपवालाच भरतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासनं दर ५ टक्के झालाय. इन्कम टॅक्स मात्र सगळ्यांना आहे, हिशेब वहीत पहिल्या दिवसापासनं लिहा.

परदेशी पाहुणे घेता येतात का?

येतात. पण त्यांच्या येण्याची नोंद करायचा फॉर्म सी २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायला लागतो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या माहितीसकट. त्यासाठी आधीच नोंदणी करून लॉगिन घेऊन ठेवा, पाहुणा दारात उभा असताना ते होत नाही. भारतीय पाहुण्यांचं प्रत्येकाचं ओळखपत्र, लहान मुलं सोडून.

आमचं घर पन्हाळ्यावर आहे, तिथं हेच करता येईल?

करता येईल पण परवानगीची वाट वेगळी आहे. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेलाय. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, पुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मनाई क्षेत्रातलं घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर दुरुस्तीला परवानगी मागता येते, म्हणून घर तेव्हाचं आहे हे दाखवणारी घरफाळ्याची जुनी पावती, लाइट बिल, काही असेल ते जपून ठेवा. पन्हाळ्यावर धुकं आणि पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त, गाद्या ओलसर होतात, तिथं जांभा दगडाच्या भिंतीला तर सिमेंट लावूच नका.

दारू, मांसाहार, लग्न न झालेली जोडपी, कुत्री?

घर तुमचं, नियम तुम्ही ठरवा, पण बुकिंगच्या पानावर आधीच लिहा. आमच्याकडं दारू चालत नाही कारण घरात म्हातारी माणसं आणि पोरं आहेत. प्रौढ माणसांची ओळखपत्रं नीट असली की आम्ही आणखी काही विचारत नाही.

घरातल्यांना त्रास होत नाही का, सारखी परकी माणसं?

होतो, आणि हे काम सुरू करायच्या आधी घरात बसून बोलायला पाहिजे. आमच्यात एक खोली, माजघर आणि स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी नाही, तिथं त्यांनी यायचं नाही, आणि महिन्यातनं काही दिवस बुकिंग बंद ठेवायचं. सासूबाईंना सुरुवातीला आवडायचं नाही, आता संध्याकाळी सोप्यात बसून त्या पाहुण्यांना वाड्याच्या गोष्टी सांगतात आणि पाहुणे रंकाळ्याला जायचं विसरतात. पण ज्या घरात कुणालाच बोलायची आवड नाही त्यांनी हे करू नये, खोली भाड्यानं दिलेली बरी.

काम कधी सुरू करायचं?

दिवाळी झाली की. पाडव्यानंतर लगेच छप्पर उघडा, फेब्रुवारीपर्यंत लाकूड आणि कौलं झाली पाहिजेत. चुना त्याच्या आधीच, दसऱ्याला विरवायला घाला म्हणजे हाताशी तयार असतो. गिलावा थंडीत सुरू केला की सावकाश वाळतो आणि भेगा कमी येतात, मार्चच्या उन्हात मात्र गोणपाट दिवसातनं चार वेळा भिजवायला माणूस ठेवावं लागतं. मे महिन्यात फक्त आतली कामं. पहिला पावसाळा पाहुणे घेऊ नका, त्या चार महिन्यांत रोज टॉर्च घेऊन माळ्यावर आणि भिंतींच्या कडेनं फिरा, जिथं जिथं ओल दिसेल तिथं खडूनं खूण करा आणि तारीख लिहा. पाऊस संपला की त्या खुणा गवंड्याला दाखवून तेवढं करून घ्यायचं, आणि नवरात्राचं बुकिंग उघडायचं.